लाल रेघेपलीकडे रंग पुरला नव्हता

१२ मे

आज सभेनं मला पुन्हा कामाला जुंपलं, आणि खरं सांगायचं तर मला ते मनापासून आवडलं. १० जूनला राजधानी लिमाहून संसदेची समिती जवळच्या पाइता बंदरात येणार आहे. पेरूनं आंतरराष्ट्रीय सागरी कराराला मंजुरी द्यावी की नाही, याबद्दल किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं म्हणणं ती ऐकून घेणार आहे. आमच्या ला गार्सिता गावच्या संघटनेचं निवेदन अर्थातच मी लिहायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे मला मास्तरच म्हणतात, आणि सभेतल्या निम्म्या लोकांचे कान मी कधी ना कधी पिळलेले आहेत.

मतदान झालं. कराराच्या विरोधात एकसष्ट, बाजूनं चार. ते चौघे कोण, हे मी लक्षात ठेवलं आहे. दोनशे मैलांचा समुद्र आपला आहे हे आपल्या आजोबांनी जगाला ठणकावून सांगितलं. हा करार म्हणतो, बारा मैलच तुमचे, पुढच्या समुद्रात फक्त मासळीवर हक्क. मी उठून एवढंच बोललो आणि भिंतीकडे बोट दाखवलं. आमची सभा भरते ती खोली पूर्वी शाळा होती. तिथल्या भिंतीवर अडतीस वर्षांपूर्वी मी स्वतः नकाशा रंगवला आहे. किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंत निळा समुद्र, आणि तिथे तळहाताएवढी जाड लाल रेघ. रेघेपलीकडे नुसता गिलावा आहे. देणगीतला निळा रंग तिथपर्यंतच पुरला. पण मला ते तसंच बरं वाटलं होतं. आपलं काय आणि परकं काय, हे पोरांना एका नजरेत कळायचं. रोज सकाळी मी विचारायचो, "रेघेच्या आत?" वर्ग ओरडायचा, "सगळं आपलं!" "रेघेबाहेर?" "आपलं कुणी नाही!" आज मी नुसतं बोट दाखवलं, तर चाळिशीतले बाप्ये गडी तेच ओरडले. माझे डोळे भरून आले.

सोराइदा केरेवालू अध्यक्ष आहे, म्हणून तिनं मत दिलं नाही. बाई चोपन्न वर्षांची, विधवा, मासळी खारवण्याचा तिचा स्वतःचा धंदा आहे. पासष्ट पुरुष एकदम बोलायला लागले की ती काही बोलत नाही, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवते. सगळे गप्प होतात. हे तिला कसं जमतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सभा संपल्यावर मला म्हणाली, "मास्तर, लिहा तुम्ही छान. पण आधी तो करार वाचाल ना?"

मी म्हटलं, "सोराइदाबाई, विष कडू आहे की नाही हे चाखून बघायचं नसतं."

ती हसली. माझं वाक्य तिला आवडलं असावं.

१६ मे

निवेदन नऊ पानं झालं. तिनं पाइताहून कराराचं पुस्तक आणलं आहे आणि स्वतःच वाचायला बसली आहे. तीनशे वीस कलमं! खारवलेल्या मासळीच्या ताटांमध्ये बसून, केसात पेन्सिल खोचून, हातांना मीठ लागलेलं, आणि बाई ओळीखाली बोट ठेवून वाचते आहे. शाळा तिनं चौथीत सोडली, मी या गावात येण्याच्या कितीतरी आधी. मी शिकवलेल्यांपैकी एकानंही एवढ्या चिकाटीनं पुस्तक धरलेलं मला आठवत नाही.

आज विचारत होती, "आपले शेजारी, चिले आणि इक्वाडोर, दोघांनीही सही केली. त्यांचे दोनशे मैल गेले का हो?"

मी म्हटलं, "अजून नाही गेले."

"आणि ती माकूल मासळी पकडणारी परदेशी जहाजं आपल्या रेघेला नाक लावून उभी असतात, त्यांच्याबद्दल जिथं बोलणं होतं तिथं आपल्याला खुर्ची असते का?"

"सही न करता बसायला देत असतील कुठेतरी मागे," मी म्हणालो. मला नक्की माहीत नव्हतं. तिनं पेन्सिलीनं काहीतरी खूण केली. जाताना मला तळलेली काचेमा मासळी आणि केळ्याचे काप डब्यात घालून दिले. दर शुक्रवारी देते. शेजारधर्म तिच्या अंगात मुरलेला आहे.

१९ मे

काल दुपारी 'रोसाउरा' बोटीवरून रेडिओवर निरोप आला. इंजिन बंद पडलं आहे, किनाऱ्यापासून एकशे ऐंशी मैल, प्रवाह बाहेर ओढतो आहे. 'रोसाउरा'चा तांडेल इपोलितो हा सोराइदाचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. बरोबर मेल्कियादेस एचे आणि आणखी दोघे. चौघेही माझे विद्यार्थी.

आमच्या गावाची एक रीत आहे. बोट अडकल्याची हाक आली की बाकीच्या बोटी जाळी तिथेच सोडतात आणि निघतात. कुणी कुणाला विचारत नाही. इपोलितोशी गेली तीन वर्षं अबोला धरलेला तुमे सगळ्यांत आधी निघाला. जो जात नाही, त्याच्या बोटीला पुढे वर्षभर कुणी हात लावून किनाऱ्यावर ओढत नाही. पण मी इथे आल्यापासून न गेलेला माणूस पाहिलेला नाही. आज संध्याकाळपर्यंत सव्वीस बोटी बाहेर आहेत. या लोकांना मी शिकवलं असं म्हणायची मला कधी कधी लाज वाटते.

बाया आपापल्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन वाळूवर बसल्या आहेत, तोंडं समुद्राकडे करून. सोराइदाही. मांडीवर ते पुस्तक.

२१ मे

काल दुपारचा निरोप शेवटचा. एकशे सत्त्याण्णव मैलांवर होते. त्यानंतर रेडिओ मुका. बॅटरी गेली असेल म्हणतात.

२४ मे

काही नाही. बोटी डिझेल घ्यायला येतात, तोंडावर पाणी मारतात आणि परत जातात. एकशे नव्वद ते दोनशेच्या पट्ट्यात सगळं चाळून झालं. हाक नाही, म्हणून शोधायचं कुठे हाच प्रश्न.

मी माझी खुर्ची नेऊन सोराइदाच्या शेजारी बसलो. ती दोन दिवस जेवलेली नाही. तिचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून मी तिला माझं निवेदन वाचून दाखवलं. पूर्ण चौदा पानं. तिनं समुद्रावरची नजर न काढता सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, "मास्तर, 'पलीकडे' हा शब्द तुम्ही नऊ वेळा लिहिलाय."

अशा अवस्थेतही तिनं मोजलं! इतक्या बारकाईनं आजवर माझं लिखाण कुणी ऐकलं नाही.

मग म्हणाली, "तो लहान असताना अंधाराला फार भ्यायचा." मी तिच्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढला. वाळू लागली होती.

२७ मे

सापडले! चौघेही जिवंत! बंदर कप्तानाच्या कचेरीतून सकाळी दहाला कळलं. दोनशे त्रेसष्ट मैलांवर एका परदेशी माकूल जहाजानं त्यांना पाहिलं, पाणी आणि भात दिला, ठिकाण कळवलं, आणि तुमेची बोट पोचेपर्यंत तिथेच थांबलं. सोराइदा गुडघ्यावर बसली नाही, रडली नाही. सगळ्या बायांना एकेक करून मिठी मारली, आणि मग घरी जाऊन मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

परदेशी जहाजानं. निवेदनात पाचव्या पानावर मी त्यांना 'दरोडेखोरांचा तांडा' म्हटलं आहे. बघतो काय करता येतं. कदाचित 'बहुतांश' हा शब्द घालावा लागेल.

३० मे

आले. मेल्कियादेसला खांद्यावरून उतरवावं लागलं. त्यानं शेवटी शेवटी समुद्राचं पाणी प्यायलं होतं. त्याला थेट पाइताच्या दवाखान्यात नेलं, सोराइदा बरोबर गेली. इपोलितोचे ओठ फाटले आहेत, पण तो उभा आहे. मला पाहून त्यानं शाळेत करायचा तसा हात वर केला.

१ जून

सोराइदा दवाखान्यातून आली. मेल्कियादेस वाचणार, मूत्रपिंडांना मार बसला आहे पण वाचणार. मी निवेदनाची दुरुस्त प्रत दिली. घेतली, उघडली नाही. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. दमली असेल.

२ जून

आज तिच्याकडे जेवायला होतो. इपोलितोचं पहिलं पोटभर जेवण म्हणून तिनं बकऱ्याचं मटण केलं होतं. मेल्कियादेसची बायको सोडून जवळपास सगळे होते. इपोलितोनं सगळी हकीकत सांगितली, आणि मला ती इथे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायची आहे, कारण शिक्षकाच्या आयुष्यात असा दिवस क्वचित येतो.

तो म्हणाला, "मास्तर, वीस तारखेला दुपारी जीपीएसवर बघितलं, आपण रेघ ओलांडतोय. मी पोरांना म्हटलं, आठवतंय ना? रेघेबाहेर? सगळे म्हणाले, आपलं कुणी नाही. लगेच रेडिओ बंद केला. म्हटलं परक्यांनी ऐकलं तर येऊन बोट धरतील, तुम्ही आमच्या पाण्यात कसे आलात म्हणून. बावीसला एक जहाज इतकं जवळून गेलं की त्यांचे वाळत घातलेले शर्ट दिसले. आम्ही चौघे ताडपत्रीखाली पालथे पडून राहिलो. श्वास सोडला नाही. पाच दिवस तेच. अजिबात विसरलो नव्हतो तुमचा धडा."

"मग सापडलात कसे?" कुणीतरी विचारलं.

"त्यांचा आचारी खरकटं टाकायला आला आणि ताडपत्री हललेली दिसली त्याला. मेल्कियादेसला उलट्या होत होत्या ना."

पंचवीस वर्षांपूर्वीचा धडा, जसाच्या तसा! मी त्याच्या पाठीवर थाप मारली. सोराइदा ताटं धुवायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. ताटं फारशी उरली नव्हती.

३ जून

'बॅटरी गेली असेल म्हणतात.' हे मीच लिहिलं आहे, वर, २१ तारखेला.

बॅटरी गेली नव्हती.

४ जून

काल दिवसभर सभेच्या खोलीत त्या भिंतीसमोर बसलो होतो. सव्वीस बोटी रेघेच्या आत शोधत होत्या आणि चौघं जण रेघेबाहेर, पिण्याच्या पाण्याचा शेवटचा कॅन संपलेला, रेडिओ चालू स्थितीत, माझं ऐकून गप्प पडून होते. ज्या गावात हाक आली की भांडणं विसरून लोक निघतात, त्या गावच्या पोरांना मी हाक मारायची नाही असं शिकवलं. चुकून नव्हे, रोज सकाळी, अख्ख्या वर्गाकडून म्हणवून घेऊन. आणि परवा त्याच्या पाठीवर थापही मारली.

आज सोराइदाकडे गेलो. म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तीसलाच. मेल्कियादेस तापात बडबडत होता. 'आपलं कुणी नाही, आपलं कुणी नाही' करत होता."

"मग मला बोलला का नाहीत?"

"आधी तो वाचू दे म्हटलं. मग तुमचं बघू." तिनं पाटावरची मासळी उलटली. "आणि मास्तर, तुम्ही कोपऱ्यात बसून स्वतःला खात बसाल हे मला ठाऊक होतं. ते मला बघवलं नसतं."

तिनं पुस्तक उघडून दाखवलं. कलम अठ्ठ्याण्णव. समुद्रात जीव धोक्यात असलेला माणूस दिसला की कुठल्याही देशाच्या जहाजानं त्याच्या मदतीला जायचं. ती म्हणाली, "आपलीच रीत आहे बघा. कुणीतरी लिहून ठेवलीय." समोर आल्यापासून एकोणीस दिवस ते पुस्तक मी हातात घेतलं नव्हतं. आज घरी आणलं आहे.

६ जून

सोराइदानं ८ तारखेला पुन्हा सभा बोलावली आहे. मी म्हटलं, सरळ पाइताला जाऊन तुमचं मत मांडा, एकसष्टांना काय कळतंय. तर माझ्यावर अशी काही भडकली! "मी अध्यक्ष आहे, मालकीण नाही. यांनी विरोध म्हटलं तर मी तिथं उभं राहून विरोधच वाचीन, तुमची चौदाही पानं."

गावात कुजबुज सुरू झाली आहे. भाऊ परक्यांनी वाचवला म्हणून बाई विरघळली म्हणतात. ८ तारखेला ती हरली तर अध्यक्षपदही जाईल हे तिला माहीत आहे. मी पुस्तकाच्या पासष्टाव्या पानावर आहे. सगळंच काही आपल्या सोयीचं नाही, पण मी वर्गात सांगायचो तसं तर नाहीच.

८ जून

हे नीट लिहायला हवं.

खोली खच्चून भरली होती. सोराइदा उभी राहिली आणि म्हणाली की कराराबद्दल पुन्हा मत घ्यावं असं तिला वाटतं. कारणं सांगितली, साध्या शब्दांत. आपले दोनशे मैल मासळीसाठी आपलेच राहतात. त्याबाहेर जहाजांचा जो मेळा भरतो त्याबद्दल तक्रार करायला दार मिळतं. बारा मैलांची अट तिला स्वतःलाही आवडलेली नाही, ते तिनं लपवलं नाही.

तुमे उठला. सगळ्यांत आधी इपोलितोला शोधायला गेलेला तुमे. "बाई, स्पष्ट बोलू? चार वाट्या भात खायला घातला त्यांनी तुझ्या भावाला, आणि तू आख्खा समुद्र देऊन मोकळी!"

हशा पिकला. कुणीतरी मागून ओरडलं, "भात तरी चांगला होता का विचार!"

सोराइदानं चष्मा काढला नाही. काही बोललीही नाही. तिच्याजवळ उत्तर होतं. एका वाक्यात ती सगळ्यांची तोंडं बंद करू शकली असती: माझ्या भावानं हाक मारली नाही, कारण याच खोलीत मास्तरांनी त्याला तसं शिकवलं. मी वाट पाहत होतो. ती माझ्याकडे बघतही नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती हे कधीच म्हणणार नाही. ती सभा हरेल, खुर्ची सोडेल, टोमणे ऐकेल, पण मला या लोकांसमोर लहान होऊ देणार नाही. इतकं मोठं माणूस मी जवळून दुसरं पाहिलेलं नाही.

मी उठलो. म्हटलं, "रेघेच्या आत?"

सवयीनं सगळे ओरडले, "सगळं आपलं!"

"रेघेबाहेर?"

"आपलं कुणी नाही!"

"म्हणून रेडिओ बंद होता," मी म्हणालो. "बॅटरी चांगली होती. या चौघांनी माझा धडा पाळला. मेल्कियादेस त्यामुळे दवाखान्यात आहे. आणि पलीकडे रंग का नाही, माहितंय? तिथे काही नाही म्हणून नव्हे. डबा संपला होता म्हणून."

इपोलितो उठून म्हणाला, "मास्तर, तुमची चूक नाही, आम्हीच..." मी त्याला खाली बसायला सांगितलं. तो बसला. तुमे भिंतीकडे वळला. मग म्हणाला, "मी पण मारली नसती हाक." आणि सोराइदाकडे वळून, "घ्या मत."

बाजूनं छत्तीस, विरोधात एकोणतीस. तुमे विरोधातच राहिला, बारा मैलांवरून. पण बाहेर पडताना त्यानं सोराइदाची खुर्ची उचलून तिच्या घरापर्यंत नेली.

१० जून

पाइता. प्रत्येक संघटनेला पाच मिनिटं. माझी चौदा पानं घरीच आहेत. तिनं एका कागदावर सहा ओळी नेल्या होत्या आणि त्याही वाचल्या नाहीत.

म्हणाली, "आमच्या गावातली एकोणतीस माणसं विरोधात आहेत, त्यांना बारा मैलांची भीती वाटते. ती खोटी नाही, तेवढं नीट लिहून घ्या. छत्तीस जण म्हणतात, मंजुरी द्या. अध्यक्ष म्हणून माझं मत मोजलेलं नाही, पण मी त्या छत्तीसांच्या बाजूची आहे. दोनशे मैलांच्या आत आम्ही बोललो तर लिमाला ऐकू येतं, कधी कधी. बाहेर आम्ही बोललो तर कुणालाच ऐकू येत नाही, आणि माणसं आमची तिथंही जातात." मग तिनं अठ्ठ्याण्णवावं कलम वाचून दाखवलं.

लिमाहून आलेला एक वकील अदबीनं म्हणाला, "सेन्योरा, हे बंधन इतर करारांतही आहे. त्यासाठी हाच मंजूर करायला हवा असं नाही."

"असेल," ती म्हणाली. "पण ते आमच्यापर्यंत कुणी आणलं नाही. हे पुस्तक मला स्वतः जाऊन आणावं लागलं. तुम्ही मंजूर करा किंवा करू नका, पण जे काय ठरेल ते येऊन आमच्या पोरांना सांगा. तिथं काय आहे ते त्यांना माहीत हवं."

वकिलानं मान खाली घालून लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. रस्ता फार खराब आहे, नाहीतर जागी राहिली असती.

२९ जून

सान पेद्रोचा सण. संताची मूर्ती बोटीतून मिरवून आणली. लिमात अजून काही ठरलेलं नाही, आणि लवकर ठरेल असंही कुणी म्हणत नाही.

मिरवणुकीनंतर सभेच्या खोलीत जमलो. निळा रंग विकत आणायचा माझा विचार होता, पण सोराइदानं परस्पर सगळ्यांना निरोप धाडले होते. ज्यानं त्यानं आपली बोट रंगवून उरलेला निळा आणला होता. कुणाचा गडद, कुणाचा आकाशी, तुमेचा जवळजवळ हिरवा. रेघेबाहेरचा समुद्र ठिगळाठिगळांचा झाला आहे. तुमेनं विचारलं, "रेघ पुसताय की काय?" मी म्हटलं, "नाही. रेघ आपली आहे, ती राहील." तो खूश झाला.

मेल्कियादेस काठी टेकत आला होता. त्याला खुर्ची दिली. त्यानं नकाशा बराच वेळ पाहिला, मग काठीनं रेघेबाहेर, अजून पांढऱ्या राहिलेल्या एका जागेवर टोचलं. "इथं," म्हणाला. "साधारण इथं पडून होतो आम्ही."

सगळे थांबले. सोराइदानं आपल्या हातातला ब्रश मला दिला. "मास्तर, इथं तुम्हीच लावा."

मी लावला. पहिल्या हाताला खालचा पांढरा दिसत राहिला, म्हणून वाळेपर्यंत तिच्या शेजारी बसलो आणि मग दुसरा हात दिला.